840 आणि 24

आमच्या शाळेत पाचवीच्या अ आणि ब अशा दोन तुकड्या आहेत आणि गणिताला आम्ही त्या एकत्र बसवतो. घणसोलीत शाळा, वरच्या मजल्यावर पत्र्याचा मोठा हॉल, 61 मुलं आणि दोन शिक्षक, मी अ ची आणि सर ब चे. चार-पाच मुलांचा एक गट, प्रत्येकाला काम ठरलेलं, एक वाचक, एक लेखनिक, एक साहित्य आणणारा, एक शेवटी उभं राहून सांगणारा. एक जण फळ्याशी असला की दुसऱ्याने गटांमधून फिरायचं. मला ही पद्धत मनापासून आवडते, आजही आवडते, हे आधीच सांगते कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कुणाला वाटेल की मी गटकार्याच्या विरोधात आहे, तर तसं अजिबात नाही.

ही 2024 च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी कळव्याला राहते, म्हणजे आधी ठाणे आणि तिथून ट्रान्स हार्बरची लोकल. त्या दिवशी पहाटेपासून झोडपत होता, गाड्या उशिरा, मी पोचले तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली आणि हॉलमध्ये 61 पैकी फक्त 26 मुलं. तळवली, गोठिवलीची जवळची पोरं आलेली, रबाळे एमआयडीसीच्या बाजूची जवळपास कुणीच नाही. त्यामुळे नेहमीचे गट सगळे मोडले आणि आम्ही असतील त्या मुलांचे नवे पाच गट केले.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही शाब्दिक उदाहरणं आदल्या दिवशीच वहीत उतरवून द्यायचो, घरी नुसती वाचून यायची, सोडवायची दुसऱ्या दिवशी गटात. त्या दिवसाचं उदाहरण होतं, एका दुकानदाराने वाशीच्या मार्केटमधून प्रत्येकी 840 रुपयांची कांद्याची 24 पोती विकत घेतली, तर त्याने एकूण किती रुपये दिले? पण सरांच्या मनात आलं की मुलं कमी आहेत तर जरा खोलात जाऊ. त्यांनी आकडे तेच ठेवले आणि गोष्ट बदलली. एका शाळेने वर्षासाठी आणलेल्या 840 वह्या 24 मुलांना सारख्या वाटल्या, तर प्रत्येकाला किती वह्या मिळाल्या? म्हणजे आकडे बघून धडाधड गुणाकार नाही करायचा, वाचायचं आणि मग ठरवायचं. कागदाच्या पट्ट्यांवर लिहून एकेका गटाला एकेक पट्टी दिली. ही सरांची कल्पना खरंच छान होती.

वर्गात एक मुलगी आहे, तिचं नाव लिहीत नाही, वर्गात सगळ्यात बुटकी म्हणून इथे छोटी म्हणते. गोड अक्षर, नीट वह्या, कधी त्रास नाही. तिची एक जिवलग मैत्रीण, दोघी कायम एका गटात, आणि तो आमचा सगळ्यात चांगला गट, कुणी पाहुणे वर्ग बघायला आले की आम्ही त्यांना आधी तिकडेच न्यायचो. मैत्रीण त्या दिवशी आली नव्हती. छोटी नव्या गटात बसली आणि गटातल्या मुलांनीच तिला वाचक केलं, का तर तिचा आवाज खणखणीत आहे आणि पत्र्यावर पाऊस नुसता वाजत होता.

मी बाजूलाच उभी होते. तिने पट्टी मांडीवर घेतली, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली, "एका दुकानदाराने वाशीच्या मार्केटमधून प्रत्येकी 840 रुपयांची..." बोट शब्दाशब्दाखालून सरकत होतं, ओळ संपली की खालच्या ओळीच्या सुरुवातीला येत होतं, 840 म्हणताना बरोबर 840 वर होतं, 24 म्हणताना 24 वर, शेवटी प्रश्नचिन्हाला आवाज चढला. पूर्ण, न अडखळता, एकही शब्द न चुकता. आणि तिच्या मांडीवरच्या पट्टीत दुकानदार नव्हता, कांदे नव्हते, काही नव्हतं.

माझ्या पहिल्यांदा लक्षातच आलं नाही, खरंच नाही, मला वाटलं सरांनी या गटाला जुनं उदाहरण दिलं असेल. लेखनिकाने भराभर गुणाकार मांडला, 20160 आलं, सगळे खूश. शेजारच्या गटातला एक मुलगा वाकून त्यांची पट्टी बघत होता, तो म्हणाला, "बाई, हिने वाचलं ते यात नाहीये. यात वह्या आहेत."

चिडवत नव्हता तो, त्याला खरंच प्रश्न पडला होता. छोटीने वर बघितलं. माझ्याकडे नाही, सरांकडेही नाही, तिने मैत्रीण रोज बसते त्या सतरंजीच्या टोकाकडे बघितलं. तिचं बोट अजून त्या प्रश्नचिन्हाखाली होतं.

मी पट्टी हातात घेतली आणि म्हटलं, "पावसामुळे नीट ऐकू येत नाहीये कुणाला, सगळ्यांनी इकडे बघा, मीच मोठ्याने वाचते." वाचलं, मुलांनी भागाकार केला, 35 आलं. तास पुढे सरकला. त्या दिवशी एवढी एकच गोष्ट माझ्याकडून ठीक झाली असं मला वाटतं, की वर्गासमोर तिला परत वाचायला लावलं नाही.

मधल्या सुट्टीत सर आणि मी स्टाफरूममध्ये गटाच्या नोंदवह्या काढून बसलो. शाळा सुरू होऊन अडीच महिने झाले होते. छोटीच्या गटापुढे सरांनी लिहिलेलं, सहभाग उत्तम. मी लिहिलेलं, उत्तर बरोबर, मांडणी सुबक. ती ब तुकडीची, म्हणून मला वाटायचं की तिचं एकटीचं वाचन सरांनी घेतलं असणार. गटांमधून जास्त करून मी फिरते, म्हणून सरांना वाटायचं की मी घेतलं असणार. दोन शिक्षक एका वर्गात असून त्या पोरीचं एकटीचं वाचन अडीच महिन्यांत कुणीच ऐकलं नव्हतं. सर बराच वेळ गप्प बसले आणि मग एवढंच म्हणाले, "आपण गटाला मार्क दिले हो मॅडम, पोरांना दिलेच नाहीत."

दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली. तिला मी जिन्यात बाजूला घेतलं, जवळ बसवलं आणि विचारलं. तिने काही लपवलं नाही. म्हणाली, "मी तिला रोज वाचून दाखवते बाई, सुट्टीत. तिचं दोनदा ऐकून पाठ होतं." कधीपासून? तर तिसरीपासून, दोघी आधीच्या शाळेतही एकत्र होत्या. मी म्हटलं, अगं मग कुणाला सांगितलं का नाहीस? तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ना, गटात कुणाला मागे ठेवायचं नाही."

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या पहिल्या आठवड्यात मीच हे वाक्य फळ्यावर लिहिलं होतं. या मुलीने ते सगळ्या वर्गात सगळ्यात प्रामाणिकपणे पाळलं होतं. मला काय बोलावं सुचेना. मग तिने विचारलं, "आता आम्हाला वेगळं बसवणार का?" मी नाही म्हटलं, आणि ते मी पाळलं.

त्या आठवड्यात मी छोटीला शाळा सुटल्यावर वीस मिनिटं थांबवून घ्यायला लागले. मुळाक्षरं बहुतेक येतात, भ आणि म मध्ये, घ आणि ध मध्ये गडबड. साधे दोन अक्षरी शब्द जमतात. मात्रा-वेलांट्या आल्या की वेग एकदम कमी आणि जोडाक्षर आलं की थांबतेच. 'प्रत्येकी' हा शब्द, जो तिने त्या दिवशी इतका स्वच्छ म्हटला होता, तो कार्डावर लिहून दिला तर "प... त... क... पतकी?" असं विचारून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आकडे मात्र पक्के, पाच अंकीसुद्धा, आणि तोंडी हिशोब माझ्याआधी.

तिची आई सेक्टरमध्ये चार घरची कामं करते, संध्याकाळी येऊन भेटली. ही पोरं पहिलीत आली ती जून 2020 मध्ये, तेव्हा शाळा बंद. घरात एक फोन, तो वडिलांबरोबर एमआयडीसीत. शाळा उघडल्या डिसेंबर 2021 ला, तोवर ही दुसरीत, जानेवारीत परत काही दिवस बंद, आणि मग तिसरी. म्हणजे बाई समोर बसवून अक्षरावर बोट ठेवून शिकवते ते जे वय असतं, ते हिचं तसंच गेलं. पण हेही खरं की त्याच वर्षी पहिलीत असलेली माझ्या वर्गातली बाकीची बरीच मुलं मागेपुढे वाचायला लागली आणि ही नाही लागली. तेव्हा नुसतं कोरोनावर ढकलून मोकळं होता येत नाही. आणि लगेच डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अक्षमता, म्हणून शिक्काही मारता येत नाही, ते ठरवणारी मी कोण. मी आईला एवढंच सांगितलं की आधी डोळे आणि कान तपासून घेऊया, मग पुढचं. दोन्ही ठीक निघाले. मग पुढच्या तपासणीसाठी पाठवलं. ती एका फेरीत होत नाही, बुद्धीची चाचणी वेगळी, वाचन-लेखन-गणिताची वेगळी, आणि प्रत्येक फेरीला आईचा एक खाडा. वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र, म्हणजे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे, ते तरी आमच्यासाठी जवळ.

पालकांना मी एक गोष्ट मुद्दाम सांगते, सगळ्यांनाच. अपंगांसाठीचा 1995 चा कायदा होता त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्यात वाचता-लिहिता न येण्याची ही अडचण नव्हतीच. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आले आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, डिस्लेक्सिया त्यातच येतो. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळू शकतो. तेव्हा घाबरून मूल लपवायचं नाही. छोटीची आई हे ऐकताना पदराने डोळे पुसत होती आणि म्हणत होती, "मला वाटलं ती हुशार आहे." मी म्हटलं, ताई, आहेच हो हुशार. रोज एक पान ऐकून पाठ करणं आणि आकडे बघून कुठे काय म्हणायचं ते जुळवणं, हे अडाणी डोक्याचं काम नाही.

वर्गात आम्ही काय बदललं तेही लिहिते, कारण गटकार्य करणाऱ्या बऱ्याच शिक्षकांचं इथेच निसटतं असं मला वाटतं. 2015 ला राज्य सरकारचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम आला, ज्ञानरचनावादाची, म्हणजे मुलं स्वतः करून शिकतात या विचाराची, प्रशिक्षणं झाली, आम्ही बाक काढले, सतरंज्या टाकल्या, मुलं गोलात बसली, आणि मुलं बोलायला लागली हे खूप चांगलं झालं. पण सहकार्यातून शिकण्यावर आयुष्य घालवलेले अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे दोघे भाऊ, ते दोन गोष्टी सांगतात. एक, मुलांचं एकमेकांवाचून अडलं पाहिजे. आणि दुसरी, प्रत्येक मुलाचं एकट्याचं काय झालं ते तपासलं गेलं पाहिजे. आम्ही पहिली उचलली आणि दुसरी राहिली. मानसशास्त्रज्ञ इलियट अरॉन्सनने 1971 मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला जिगसॉ पद्धत सुरू केली त्यातही प्रत्येकाकडे वेगळा तुकडा असतो, तो त्यानेच शिकून बाकीच्यांना सांगायचा आणि शेवटची चाचणी ज्याची त्याने द्यायची. आमच्याकडे सगळ्या गटाला मिळून एकच पट्टी होती, आणि एकच वाचक.

आता पट्टी प्रत्येकाला वेगळी. सांगणारा ठरलेला नाही, चिठ्ठी निघेल तो उठेल. तास सुटताना प्रत्येकाने एक छोटं उदाहरण एकट्याने सोडवून कागद हातात द्यायचा, मगच बाहेर. 61 कागद रोज तपासायचे म्हणजे गाडीत बसूनसुद्धा तपासावे लागतात, पण तपासतो आम्ही, निम्मे सर निम्मे मी, आणि महिन्याने अदलाबदल. पहिल्याच आठवड्यात त्या कागदांमधून आणखी चार मुलं सापडली जी गटात छान होती आणि एकटी अडकत होती. चार. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मोठ्याने वाचायची कुणालाच सक्ती नाही, वाचणारं मूल मदत मागू शकतं, पण नियम असा की मागेपर्यंत कुणी सांगायचं नाही. हा नियम मैत्रिणीला सगळ्यात जड गेला.

फेब्रुवारीत, पाचवीच्या वार्षिक परीक्षेआधी उजळणी चालली होती तेव्हा छोटीची चिठ्ठी निघाली. तपासणीचा शेवटचा कागद अजून यायचा होता. मी तिला विचारलं, वाचतेस? ती हो म्हणाली. उभी राहिली, पट्टी धरली, आणि बोट ठेवून वाचायला लागली. या वेळी बोट सरळ सरकत नव्हतं. पहिल्या शब्दावर थांबलं, पुढे गेलं, परत मागे आलं. "एका... बा... बागेत..." हॉलमध्ये पंखे फिरत होते तेवढाच आवाज. 'प्रत्येक' आलं आणि ती अडली. प. प्र. परत प. मैत्रीण तिच्या शेजारीच बसलेली, तिने दोन्ही तळहात स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरले होते आणि डोळे मोठे करून पट्टीकडे बघत होती. सर फळ्याशी खडू हातात धरून तसेच उभे. गटातली पोरं गप्प. छोटीने बोट उचललं, परत त्याच शब्दाखाली ठेवलं आणि म्हणाली, "प्र... त्ये... क. प्रत्येक." आणि मग पुढच्या शब्दावर गेली.