नळदुर्ग: आधी होडीतून, मग पायी

"कुरनूर भरलं, नर-मादी सुरू झाले," एवढाच निरोप आला आणि रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही पाच जण लातूरहून निघालो. कुरनूर म्हणजे किल्ल्याच्या वरच्या अंगाचं धरण. ते भरलं की किल्ल्यातल्या भिंतीवरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. नळदुर्ग मी आधी एकदा भर मे महिन्यात पाहिला होता. तेव्हा किल्ला बघून झाला असं वाटलं होतं. पाण्याशिवाय नळदुर्ग बघणं म्हणजे देवळात जाऊन गाभाऱ्यात न डोकावता परत येणं, हे या वेळी कळलं.

औसा, उजनी, तुळजापूर असा रस्ता घेतला. सोलापूरकडून येणाऱ्यांना हैदराबाद महामार्गाने पन्नासेक किलोमीटर पडतं. रेल्वेने यायचं तर सोलापूरलाच उतरा.

तिकीट काढलं की लोक सरळ उपळ्या बुरुजाकडे चालू लागतात. तसं करू नका. उन्हं चढायच्या आत आणि गर्दी व्हायच्या आत होडी घ्या. होडीचं तिकीट वेगळं असतं आणि पाण्याची पातळी बघून ती सोडतात, म्हणून आत शिरल्या शिरल्या चौकशी करा. लाइफ जॅकेटचे बंद स्वतः ओढून बघा. आमच्यातल्या एकाचा बंद निसटत होता, तो होडीत बसायच्या आधी बदलून घेतला.

होडीतून दिसतं ते जमिनीवरून उमगत नाही. बोरी नदी किल्ल्याच्या पोटातून गेलेली आहे. एका बाजूला नळदुर्गची तटबंदी, दुसऱ्या बाजूला रणमंडळ हा जोडकिल्ला आणि दोघांना सांधणारी धरणाची दगडी भिंत. म्हणजे एकच भिंत पाणी अडवते, पुलाचं काम करते आणि महालही तीच. आमचा एक मित्र पाटबंधारे खात्यात आहे. तो एरवी गाडीत गप्पच असतो, इथं मात्र बोलत सुटला. "अरे, भरलेल्या धरणाच्या भिंतीत खोली काढायची म्हणजे काय चेष्टा आहे का? मागून पाण्याचा रेटा, वरून सांडवा, आणि मधी माणूस बसवायचा!" होडी सांडव्यापासून लांबच ठेवतात, ते योग्यच आहे. या अंगाला पाणी अगदी शांत, तेलासारखं सरकत असतं. पलीकडे ते कोसळतंय याची फक्त घरघर ऐकू येते.

मग पायी पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीन याने हे काम केलं. धरणावरून चालत जाऊन भिंतीच्या आत जिना उतरायचा. पायऱ्या उंच, ओल्या आणि अंधाऱ्या आहेत. चप्पल नको, पकड असलेले बूट घाला. मोबाइलचा उजेड पुरत नाही, टॉर्च न्या. वटवाघळांचा उग्र वास येतो, तो दोन मिनिटांत सवयीचा होतो. पाणी फार वाढलं की खाली उतरू देत नाहीत. आम्हालाही तासभर थांबवलं होतं. तिथं हुज्जत घालू नका, कट्ट्यावर बसून धपाटे खा. आम्ही तेच केलं.

आत उतरलो आणि सगळेच गप्प झालो. समोर गवाक्ष, गवाक्षापुढे पाण्याचा पांढरा पडदा आणि पायाखालची फरशी कोरडी. पाणी डोक्यावरून जातंय आणि अंगावर येतात ते फक्त तुषार. मी भिंतीला तळहात टेकवला, तर काळ्या दगडातून बारीक थरथर हाताला लागत होती. चारशे वर्षं ती भिंत ही थरथर सोसते आहे. इथल्या फारसी शिलालेखाचा अर्थ असा, की हे पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल. बांधणाऱ्याला आपल्या कामाचा किती अभिमान असेल!

त्यानंतर उपळ्या बुरूज. पायऱ्या सत्त्याहत्तर, पण उन्हात त्या दुप्पट वाटतात. वर हत्ती तोफ आणि मगर तोफ. इथून बोरीचा सगळा वळसा दिसतो. १३ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या हैदराबाद संस्थानावर पोलीस ॲक्शन, म्हणजे भारताची लष्करी कारवाई सुरू झाली, तेव्हा सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला, तो सोलापूर-हैदराबाद रस्त्याने येऊन. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला इथं उभं राहून काही वाटलं नाही, असं होणारच नाही. आमच्यातल्या एकाचे आजोबा मुक्तिसंग्रामात होते. तो बराच वेळ कठड्याशी उभा होता.

नवबुरूज मात्र चुकवू नका. नऊ पाकळ्यांचा हा बुरूज एका कडेला असल्यामुळे दमलेली मंडळी तो सोडून देतात. खालून त्याच्या एकेका पाकळीची गोलाई बघा, दगड कसा वळवलाय ते कळेल. किल्ला मोठा आहे, सावली कमी. माणशी दोन लिटर पाणी आणि पाच-सहा तास हाताशी ठेवा.

धबधबे साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, कुरनूर भरलं तरच असतात, त्यामुळे फोन करून खात्री करूनच निघा. पौष पौर्णिमेला इथं खंडोबाची मोठी यात्रा भरते. देव सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला मैलारपुरात असतो. नुसता किल्ला बघायचा असेल तर तो दिवस टाळा.

परतीला उजनीला थांबून बासुंदी घेतली. पाटबंधारेवाला मित्र तिथंही टिश्यू पेपरवर भिंतीचा छेद काढून दाखवत होता.