तुम्ही विचारलंत म्हणून: चातुर्मासात काय सोडता, काय धरता?

आषाढी जवळ आली की हा प्रश्न येतोच. पुण्याची नणंद फोनवर विचारते, बचत गटातल्या नव्या सुना विचारतात, हल्ली तर माझ्या मुलीच्या मैत्रिणीही विचारायला लागल्यात. "काकू, तुम्ही चातुर्मासात नेमकं काय पाळता? शेतीचं एवढं काम असताना जमतं कसं? आणि त्यातून तुम्हाला मिळतं काय?" उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदाचं बसून लिहिते.

आमचं गाव तिवसा तालुक्यातलं, अमरावती जिल्हा. याच तालुक्यात तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी आहे आणि वर्धा नदीकाठी रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूरही. कौंडण्यपूरची पालखी पंढरपूरला निघाली की आमच्याकडे पेरणीची तयारी सुरू झालेली असते. चातुर्मास आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, म्हणजे डवरणी (पिकाच्या ओळींमधली कोळपणी), निंदण, फवारणी, सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी, सगळं याच काळात. देव झोपतात ते नेमके बाईला झोप मिळत नाही त्या चार महिन्यांत.

तर पहिलं उत्तर असं की, मी फार थोडं पाळते. एक काहीतरी सोडते आणि एक काहीतरी धरते. ज्या नेमानं घरातल्या बाईचं काम वाढतं, तो नेम मी दाराबाहेरच ठेवते. हे ऐकून काही जणींचा चेहरा पडतो, कारण त्यांना मोठी यादी हवी असते. यादी हवी असेल तर गावातल्या कोणत्याही म्हातारीला विचारा, ती संध्याकाळपर्यंत सोडणार नाही.

सोडण्याची सुरुवात आमच्याकडे पोटभर खाऊन होते. आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी, वांग्याचं भरीत, लसणाचा ठेचा, सगळं जिवाची हौस भागेपर्यंत. मग कार्तिकापर्यंत कांदा, लसूण, वांगं बंद. यामागं पुण्य किती ते मला माहीत नाही, पण घरात साठवलेला कांदा पावसाळ्यात कोंब धरतो, सडतो, वांग्यात अळी पडते, हे दरवर्षी डोळ्यांनी पाहते. वैद्य सांगतात आणि चरकसंहितेतही आहे की पावसाळ्यात जठराग्नी मंद होतो, वात वाढतो, आणि शरदात पित्त भडकतं. म्हणजे आधी हलकं खा आणि मग थंड खा, एवढाच त्याचा अर्थ मी लावते.

भाज्यांचंही तसंच. पहिल्या पावसानंतर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तरोटा (टाकळा) उगवतो. आषाढात तो कोवळा असतो, तोपर्यंतच खाऊन घ्यायचा. श्रावणात पालेभाजी सोडायची, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात डाळ, असा एक जुना नियम आहे. त्यातला श्रावणाचा भाग मला मनापासून पटतो. चिखलानं भरलेली, अळ्यांनी चाळण केलेली पानं निवडत बसण्यापेक्षा करटुली बरी. पुढचा भाग मात्र परंपरेनं स्वतःच कधी कडक पाळला नाही. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला कढी लागते आणि आश्विनातल्या कोजागरीला दूध आटवायचंच असतं. मला हे आवडतं. ज्यांनी नियम केला त्यांनीच जागोजागी फट ठेवली.

आता उपासाचं. श्रावणी सोमवार आणि निंदणाचे दिवस एकत्रच येतात. रोजानं येणाऱ्या बाया सकाळी डबा घेऊन निघतात, दिवसभर वाकून किंवा उकिडवं बसून खुरपं चालवतात, वर उमस. त्यात निम्म्या जणींचा उपास, म्हणजे सकाळी चहा आणि दुपारी साबुदाण्याची उसळ, तीही घरच्यांना करून उरली तर. या साबुदाण्याची मला गंमत वाटते. तो कसाव्याच्या कंदाचा, तामिळनाडूत सेलमकडच्या कारखान्यांत तयार होतो, आणि तो कंदही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. वावरात पिकलेली ज्वारी उपासाला चालत नाही आणि हा चालतो. असो. आमच्या वावरात निंदण असेल त्या सोमवारी दुपारी मी बायांना भगर आणि दाण्याची आमटी देते. ज्या म्हणतात, "आम्ही उपास करत नाही", त्यांना भाकर. ज्यांचं पोट खपाटीला गेलंय, ज्या अंगावर पाजतात, त्यांना मी सरळ सांगते की बाई, तू जेव.

आमच्या सासूबाईंचा यातला निर्णय मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. त्यांना शुगर आहे. गोळ्या घेऊन उपाशी राहायचं आणि मग साबुदाणा-बटाटा खायचा, हे डॉक्टरांनी बंद करायला लावलं. आम्हाला वाटलं, आता या रुसतील. आषाढी एकादशीला त्यांनी देवापुढं हात जोडले आणि आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उपास नाही जमत त मी साखर सोडतो. देवाले काय, त्याले सोडल्याशी मतलब." तेव्हापासून चार महिने चहा बिनसाखरेचा. डॉक्टर वर्षानुवर्षं हेच सांगत होते, त्यांचं मात्र ऐकलं नव्हतं. 2023 साली अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला, तेव्हा तेवढ्या कुरकुरल्या.

नणंदेला मी हेच सांगते. तुला उपास झेपत नसेल तर दुसरं काही सोड. रात्री अंथरुणात मोबाइल पाहणं सोड, चार महिने पुरे.

सोडण्याबरोबर धरण्याचंही असतं. मी दुपारची पोथी धरते. ओसरीवर पाट मांडायचा, पोथी उघडायची, अर्धा तास बसायचं. श्रावणात शिवलीलामृताचा अकरावा अध्याय, इतर वेळी जी हाताला लागेल ती. गंमत अशी आहे की मी नुसती टेकलेली दिसले तर घरातल्या प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवं असतं. पोथी समोर असली की कोणी हाक मारत नाही, सासरेसुद्धा आवाज बारीक करतात. कधी वाचता वाचता डोळा लागतो. देव स्वतः झोपलेले असतात, त्यांना चालत असावं.

श्रावणात मला खरा आराम देणारा दिवस नागपंचमीचा. त्या दिवशी आमच्याकडे विळी-सुरीला हात लावत नाहीत, तवा चढवत नाहीत. वाफवलेले कानोले, फुणके, वरणभात, झालं. वर्षातून एकदा तव्याला सुट्टी देण्याची कल्पना ज्या कोणाला सुचली, तिच्या घरी मोठं खटलं असणार.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. शहरातल्यांना पोळा माहीत असतो, ही नसते. त्या दिवशी बैलांना जुंपायचं नाही. संध्याकाळी हळद घालून तेल कोमट करायचं, तूप असेल तर तूप, आणि पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्यावर चोळायचं. जिथं जू बसतं तिथली कातडी जाड, काळपट, केस गेलेली असते. पहिला हात फिरला की ती थरथरते, मग बैल हळूहळू मान खाली सोडतो आणि डोळे अर्धे मिटतो. चोळून झालं की त्याला सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आता गावात बैलजोड्या फार राहिल्या नाहीत, नांगरटी ट्रॅक्टरनं होते, पण डवऱ्याला आमच्याकडे अजून बैलच आहेत.

एका वर्षी हे चाललेलं असताना धाकटी जाऊ गोठ्याच्या दारात उभी होती. दिवसभर निंदून आलेली, कमरेवर हात. म्हणाली, "बैलाच्या खांद्याले तेल, अन् आपल्या कमरेले काय?" सगळे हसले. मी मात्र वाटीत उरलेलं तेल घेऊन तिला मधल्या खोलीत नेलं. आधी तिची कंबर, मग माझे गुडघे, मग सासूबाईंचे तळपाय. तेव्हापासून आमच्या घरी खांदशेकणी दोनदा होते, एकदा गोठ्यात, एकदा घरात. त्या वेळात चहा मागायचा नाही असं ठरलेलं आहे. सुरुवातीला आमच्या ह्यांनी दार वाजवलं, तर आतून सासूबाई म्हणाल्या, "आज बैलायले अन् बायायले काम सांगाचं नसते." हे कुठल्या पोथीत लिहिलंय ते त्यांना कोणी विचारलं नाही.

"मिळतं काय?" या प्रश्नाला माझं उत्तर याच संध्याकाळी आहे. शरीर राबलं तर त्याला शेकावं लागतं, हे आमच्या परंपरेला पक्कं ठाऊक आहे. फक्त तो मान तिनं बैलाला दिला आणि बाईला द्यायचा राहिला. आपण तो घ्यायचा, कोणाची परवानगी न मागता.

भाद्रपदात महालक्ष्म्या येतात आणि माझा काम न वाढवण्याचा नियम तीन दिवस बाजूला राहतो. सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, पुरण, फुलोरा. हे काम कमी होत नाही, कमी करूही नये असं माझं मत आहे, कारण त्या दिवशी अख्खं घर जमतं. आम्ही एवढंच केलं की पुरण वाटायचं काम पुरुषांकडे दिलं. आधी पुरण जाडंभरडं व्हायचं, आता बरं होतं.

त्यानंतरचा पितृपक्ष मात्र मला महत्त्वाचा वाटतो. आमच्या भागात कर्जापायी कर्ता माणूस गेलेली घरं आहेत, आमच्याही गावात आहेत. तिथल्या बाईला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही. श्राद्धाच्या दिवशी माणसं येतात, जेवतात, जातात. त्या पंधरवड्यात मी अशा एका घरी एखादी दुपार जाऊन बसते. बोलायला फारसं काही नसतं. मुगाच्या शेंगा फोडतो, तिची मुलगी आता बारावीला आहे, तिच्या अभ्यासाचं बोलतो. कधी संध्याकाळी दोघी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जातो. तिथं मूर्ती नाही, नुसतं रिकामं आसन मांडलेलं असतं, त्याला अधिष्ठान म्हणतात, आणि सवाष्ण कोण, विधवा कोण हे कोणी विचारत नाही. काही वेळ सगळे डोळे मिटून गप्प बसतात. मन शांत करण्याचे महागडे वर्ग असतात म्हणे. आमच्याकडे हे तुकडोजी महाराजांनी गावोगाव फुकट लावून दिलं.

आश्विन कसा जातो ते कळत नाही. पोरी भुलाबाई मांडतात, कोजागरीपर्यंत रोज गाणी आणि खिरापत ओळखणं चालतं. मोठ्या बाया सोयाबीनमध्ये असतात. ऊन असं तापतं की पित्त उठायला वेगळं काही खावं लागत नाही. या दिवसांत माझा नेम एकच असतो, बाराच्या आत सावलीत यायचं. तोही बरेचदा मोडतो.

नेम मोडला तर काय, हेही तुम्ही विचारता. काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा धरायचा. दंड, प्रायश्चित्त असलं आमच्या घरात नाही. आयुर्वेदाच्या वाग्भटानं अष्टांगहृदय या ग्रंथात ऋतुसंधी सांगितला आहे, म्हणजे सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि नव्याचा पहिला. जुनी सवय या पंधरवड्यात हळूहळू सोडावी आणि नवी हळूहळू धरावी, एकदम नाही, असं तो म्हणतो. त्यानं माणसाला एवढी सवलत दिली आहे, तर मी कशाला कडक होऊ?

कोजागरीपासून देवळात काकडा सुरू होतो तो कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. पहाटे थंडी असते, टाळ जरा उशिरानेच जुळतात, पेटीवाला हमखास शेवटी येतो. आरती झाली की परतताना वाटेवर बाया दोन-तीनच्या गटानं सावकाश चालतात. घाई कोणालाच नसते, कारण घरी माहीत असतं की ही काकड्याला गेली आहे. पुढं तुळशीचं लग्न लागतं, बोरं, आवळे, ऊस येतो, जे सोडलं होतं ते कोणाला तरी दान करून नेम सुटतो. सासूबाई साखर दान करतात आणि त्याच संध्याकाळी गोड चहा पितात. त्या बाबतीत आमचं अजून एकमत व्हायचं आहे.

तुमच्यापैकी कोणाला हे येऊन पाहायचं असेल तर कार्तिकातच या, काकड्याला. सोयाबीन निघेपर्यंत घरात पोत्यांमुळं पाहुण्याला टेकायला जागा नसते. आणि येताना स्वेटर आणा, देवळाची फरशी फार गार असते.