हाताच्या सुजेवरची गोळी : माझा अनुभव

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये उजव्या काखेतल्या गाठी काढल्या, नंतर शेक (रेडिएशन) दिले आणि पुढे हात सुजत गेला. गावाने परस्पर हत्तीरोग ठरवून टाकला. आमच्या भागात तो आहेच, दुसरं कुणाला सुचणार तरी काय!

काखेतल्या या गाठींतून लसीका, म्हणजे अंगात झिरपणारं पाणी, वाहून जातं. गाठी काढल्या की ती वाट तुटते आणि पाणी हातातच साचू शकतं. त्यावर खात्रीची गोळी अजून नाही. घट्ट बाही, पट्ट्या, मालिश, व्यायाम, एवढंच. मे महिन्यात ती बाही चढवून बघा एकदा.

म्हणून नागपूरला डॉक्टर मॅडमनी सुजेवरच्या एका गोळीच्या चाचणीबद्दल विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणणार होते. पण निम्म्या बायांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी, आणि कुणाला कोणती ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही म्हणे. सासूबाई म्हणाल्या, “काऊन वं, खोट्या गोया खायाले नागपूरले जातं?”

मीही तेच विचारलं. मॅडमनी कूमारिनची गोष्ट सांगितली. या गोळीने सूज उतरते असं १९९३ मध्ये छापून आलं होतं. मग अमेरिकेत १४० बायांना सहा महिने खरी आणि सहा महिने खोटी गोळी देऊन पाहिलं. १९९९ मध्ये निकाल आला : हाताच्या मापात फरक नाही, उलट काहींच्या लिव्हरला त्रास. हे पटलं. संमतीपत्र मराठीत होतं, कधीही सोडता येईल असं त्यात लिहिलेलं. वाचून सही केली.

दर खेपेला लिव्हरसाठी रक्त काढायचे, तेही डाव्याच हातातून. मनगटापासून दर चार सेंटीमीटरवर पेनाने खूण करून टेपने माप घ्यायचे. मग काठोकाठ भरलेल्या उभ्या नळकांड्यात हात हळूहळू बुडवायचा आणि सांडलेलं पाणी मोजायचं. दोन्ही हातांचं.

एकदा मी म्हटलं, “मॅडम, हात हलका वाटतो.” त्यांनी ते लिहून घेतलं, पण पाणी जवळपास मागच्याइतकंच सांडलं. राग आला खरं तर. माझा हात, मला कळत नाही का!

गोळ्या संपल्या. माझी खरी होती की खोटी, ते सगळ्यांची चाचणी आटोपल्यावर सांगणार आहेत. तोवर बाही चालूच.