फॉर्मवर तापाचा दिवस लिहा

डेंग्यूच्या तपासणीत सगळ्यात जास्त हेळसांड होते ती एका रकान्याची: ताप कधी आला. नुसतं 'ताप, डेंग्यू करणे' लिहिलेल्या फॉर्मवर कोणती टेस्ट लावायची आणि आलेल्या रिपोर्टचा अर्थ काय काढायचा, दोन्ही अडतं.

ताप चढला तो पहिला दिवस. तिथून पाचव्या दिवसापर्यंत एनएस१ करावं. विषाणूचं हे प्रथिन तेव्हा रक्तात सापडतं. आयजीएम हे प्रतिपिंड, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ते प्रथिन, साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागतं आणि दोन-तीन महिने राहतं. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह आयजीएमला काही अर्थ नाही आणि सातव्या दिवशीच्या निगेटिव्ह एनएस१वर निर्धास्त होऊ नये. पूर्वी डेंग्यू होऊन गेला असेल तर जुनी प्रतिपिंडं एनएस१ला बांधून टाकतात, ते लवकर दिसेनासं होतं. अशा वेळी आयजीजी हे दुसरं प्रतिपिंड पहिल्या आठवड्यातच चढलेलं असतं.

रॅपिड कार्ड (पट्टीवर रेघ उमटवणारी झटपट टेस्ट) फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर पाकीट बंद असतानाच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पट्टीवर ओल धरते. पत्रकात लिहिलेल्या वेळेलाच वाचा, बहुतेक किटमध्ये १५ ते २० मिनिटं. तासाभराने उमटलेली फिकट रेघ पॉझिटिव्ह धरायची नाही. 'सी'ची, म्हणजे कार्ड नीट चाललं हे दाखवणारी, रेघच आली नाही तर नवं कार्ड घ्या.

सरकारी कार्यक्रमात निदान पक्कं धरतात ते एलायझावर, म्हणजे लॅबमध्ये प्लेटवर रंग बघून होणाऱ्या टेस्टवर. आयजीएमसाठी पुण्याच्या एनआयव्हीचं (राष्ट्रीय विषाणू संस्थेचं) किट वापरतात. प्लेटला ९६ खाचा असतात, त्यामुळे नमुने साठेपर्यंत काही लॅब थांबतात; उशीर होतो तो बहुतेक इथेच. प्लेटचं धुणं नीट झालं नाही की उरलेल्या रसायनामुळे रंग चढतो आणि खोटा पॉझिटिव्ह येतो. झिका या डेंग्यूच्या जवळच्या विषाणूची प्रतिपिंडंही इथे गोंधळ घालतात. २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला झिका सापडला, तेव्हापासून महाराष्ट्रात हे ध्यानात ठेवणं भाग आहे.

प्लेटलेटचा आकडा मात्र रक्त घेतानाच बिघडतो. जांभळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरून लगेच ८-१० वेळा अलगद उलटसुलट करायची. जोरात हलवायची नाही. मोहरीएवढी गुठळी झाली तरी प्लेटलेट तिच्यात अडकतात आणि मशीन दीड लाखाचे ४० हजार दाखवतं. आकडा अचानक पडला तर आधी ट्यूबमध्ये काडी फिरवून गुठळी बघा, मग सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची स्लाइड. स्लाइडवर प्लेटलेटचे पुंजके दिसले तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्या आणि येणाऱ्या आकड्याला १.१ने गुणा.

घरचे प्लेटलेटकडे डोळे लावून बसतात, पण त्याच कागदावरचा पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) तितकाच महत्त्वाचा. ३८चा ४६ झाला, म्हणजे २० टक्क्यांहून जास्त चढला, तर रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतंय. तेव्हा डॉक्टरांना फोन लगेच करायचा, छापील रिपोर्टची वाट बघायची नाही.