नऊ शून्यं

स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या आहेत. मी मात्र शाळेतली जी गोष्ट अजून रोज वापरात आहे, तिच्याबद्दलच लिहितो: परवच्यातलं ‘एकं, दहं, शतं’. इंग्रजी बातम्या आणि ताळेबंद मराठीत आणताना सर्वांत जास्त घोळ ‘बिलियन’ घालतो.

बिलियन म्हणजे एकावर नऊ शून्यं. परवच्यात दशकोटीनंतर येतो तोच अब्ज, शंभर कोटी. बिलियनला १०० ने गुणलं की कोटी मिळतात. मिलियन म्हणजे दहा लाख, त्याला १० ने भागायचं. २.५ बिलियन म्हणजे २५० कोटी, ४५ मिलियन म्हणजे साडेचार कोटी. इथवर सहसा कुणी चुकत नाही. चूक होते चलन बदलताना. ३ बिलियन डॉलर आणि दर ८० रुपये असेल, तर आधी ३०० कोटी डॉलर लिहावेत, मग २४,००० कोटी रुपये. दोन्ही पायऱ्या मनातल्या मनात एकदम केल्या की एक शून्य गळतं आणि २,४०० कोटी छापून येतात. वाचणाऱ्यालाही ते खटकत नाही. ताळ्यासाठी देशाची लोकसंख्या लक्षात ठेवावी: साधारण १.४ बिलियन, म्हणजे १४० कोटी. स्वल्पविरामांवर विसंबू नये. पाश्चात्त्यांचे तीन-तीन अंकांवर, आपले शेवटच्या तीन अंकांनंतर दोन-दोनांवर. शून्यंच मोजावीत.

ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. परवच्याप्रमाणे तो महापद्म, पण तसं लिहिलं तर कुणाला कळणार? हिंदीवरून भाषांतर करणाऱ्यांनी आणखी एक जपावं: तिकडचा खरब शंभर अब्जांचा, आपला खर्व दहाच अब्जांचा.

ग्रंथालयातली जुनी ब्रिटिश पुस्तकं वाचताना छपाईचं साल आधी पाहावं. ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे दहा लाख गुणिले दहा लाख, बारा शून्यं. सरकारी कामकाजात अमेरिकी अर्थच वापरला जाईल, हे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी डिसेंबर १९७४ मध्ये संसदेत स्पष्ट केलं. जर्मनीत आजही नऊ शून्यांना मिलियार्ड म्हणतात आणि बिलियोन बारांचा असतो. तिकडे नोकरीला गेलेल्यांची इथेच गफलत होते.

व्याकरण थोडक्यात: आकड्यानंतर ‘एस’ लागत नाही, ‘टू बिलियन’, मोघम बोलताना मात्र ‘बिलियन्स ऑफ’. संक्षेप ‘बीएन’. नुसता ‘एम’ दिसला तर तक्त्याचं शीर्षक पाहावं, कारण काही अमेरिकी हिशेबांत तो हजारासाठी असतो आणि मिलियनला ‘एमएम’ लिहितात.