आधी जमीन सांगायची

रविवार, नोव्हेंबर. रात्री.

आज गोव्यात डिचोली तालुक्यात सेंद्रिय शेती करणाऱ्यांचा मेळावा झाला. आम्ही सत्तरीवाले होतोच, पेडणे-तिसवाडीची मंडळी होती आणि हद्दीपलीकडून दोडामार्ग-सावंतवाडीचेही बरेच जण आले होते. सकाळच्या भाषणांतलं मी फारसं उतरवून घेतलं नाही. जीवामृत या पातळ खताचं प्रमाण (200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती) आता सगळ्यांनाच पाठ आहे. वही भरली ती जेवणानंतर, सगळे गोल करून बसल्यावर.

आम्हाला गोल बसवणाऱ्या काकांनी एक अट घातली: उपाय सांगायच्या आधी आपली जमीन सांगायची. मोरड (उंचावरची), खेर (रेताड) की खाजन (खाडीकाठची खारी)? पाटाचं पाणी आहे की नुसता पाऊस? मला ही अट फार आवडली. नाहीतर मोबाइलवर रोज येणाऱ्या उपायांना गावही नसतं आणि मातीही नसते.

दोडामार्गचे एक काका काजूवाले. पालवी आणि मोहोरावर ढेकण्या (रस शोषणारी कीड) पडतो, कोवळे शेंडे काळे पडून वाळतात, हे दुखणं आमच्याही डोंगरावरचं. त्यांनी फवारणीऐवजी हुमले, म्हणजे झाडावर घरटी करणारे चावरे लाल मुंगळे, सांभाळलेत. ज्या झाडावर हुमल्यांची पानं विणलेली घरटी आहेत, तिथून शेजारच्या झाडापर्यंत सुंभ बांधायचा. जमिनीवर न उतरता मुंगळे त्यावरून पलीकडे जातात आणि हळूहळू नवी घरटी करतात. जिथे त्यांचा राबता असतो तिथे ढेकण्या टिकत नाही. पण दोन शेजारच्या वसाहतींचे हुमले एकमेकांना भिडले तर मारामारी होते, म्हणून कुठली घरटी एकाच वसाहतीची हे आधी ओळखायचं.

यावर म्हापशाकडच्या एका वहिनींनी लगेच विचारलं, ‘‘आणि आंब्यावर? चढणाऱ्याला फोडून काढतील ते.’’ काका म्हणाले, ‘‘म्हणूनच काजूच म्हटलं. काजूचं फळ पडल्यावर खालून वेचायचं.’’ खरंच आहे, आमच्याकडे हुर्राकासाठी (काजूच्या रसाची दारू) पिकून गळलेलं बोंडूच, म्हणजे काजूचं फळच, घेतात, झाडावर चढतं कोण? दुसऱ्या एका आजोबांनी आणखी एक खोच काढली: हेच हुमले पिठ्या ढेकूण आणि खवले किडीही राखतात, त्यांच्या गोड रसासाठी. काकांनी ते मान्य केलं. त्यांच्या बागेत तो त्रास कमी आहे, पण दुसऱ्याच्या बागेत जास्त असू शकतो, असं ते स्वतःच म्हणाले. आपल्या उपायाची मर्यादा माणूस न विचारता सांगतो, तेव्हा त्याच्या बाकीच्या शब्दांवरही विश्वास बसतो.

तिसवाडीच्या बाई कोकणीतून बोलल्या. त्यांचं खाजन. खाऱ्या पाण्याला तोंड देणारं कोरगुट भात त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आहे. उन्हाळ्यात शेत नांगरून ठेवायचं, पहिले जोराचे पाऊस मीठ धुऊन नेतात, मगच पेरणी. कापणीनंतर मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खाडीचं पाणी आत घेतात, त्याबरोबर मासळी, सुंगटं (कोळंबी) येतात, गाळ बसतो. मानशीतल्या मासेमारीची पावणी (लिलाव) होते, गावाला पैसा मिळतो. त्यांनी एवढंच म्हटलं की शेतात विष मारलं तर मासळी जाईल, म्हणून आम्ही कधी मारलंच नाही. सेंद्रिय हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. बांध फुटला तर मात्र सगळंच बुडतं, आणि बांध सांभाळायला आता माणसं मिळत नाहीत, हे सांगताना त्यांचा आवाज चढला. इला येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने कोरगुटातून निवड करून ‘गोवा धान’ नावाचे काही वाण दिलेत, त्याचाही उल्लेख झाला. पण बाईंनी घरचं बियाणं कापडात बांधून आणलं होतं, तेच आधी संपलं. मी घेतलं नाही. आमची जमीन गोड्या पाण्याची, मला ते नुसतं ठेवण्यापुरतंच झालं असतं.

मी पोफळीच्या कोळेरोगाचं (पावसात सुपाऱ्या कुजून गळतात) विचारलं. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, सेंद्रियमध्येही मर्यादेत चालतं, असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने पावसाआधी शिंपुटं (सुपारीचे घोस) झाकायची आणि कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) पाणी तुंबू द्यायचं नाही, यावर भर दिला. दोन्हीला वर चढणारा पाडेली लागतो, तो कुठून आणायचा, यावर मात्र कुणाकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळी सहभागी हमी पद्धतीचं, म्हणजे पीजीएसचं बोलणं निघालं. किमान पाच शेतकऱ्यांचा गट, एकमेकांच्या शेतात जाऊन पाहणी, आणि त्या आधारे सेंद्रिय असल्याचं प्रमाणपत्र. काहींना त्यातला कागदाचा भाग नकोसा वाटतो. मला वाटतं, प्रमाणपत्र मिळो न मिळो, त्या निमित्ताने शेजारी आपल्या कुळागरात फिरतो आणि ‘इथे पाचोळा का जाळलास?’ असं तोंडावर विचारतो, यासाठी तरी गट व्हायलाच हवा. आमच्या वाड्यावर चार घरं तयार आहेत. पाचवं माझ्या काकीचं, तिला मी उद्या विचारणार.

दोडामार्गचे काका मोहोराआधी एकदा आमच्या डोंगरावर येतो म्हणालेत. त्याआधी हुमल्यांची घरटी कुठल्या कुठल्या झाडांवर आहेत ते लिहून ठेवायला सांगितलंय. सुंभ ते आल्यावरच बांधायचा.