आईची साक्ष

मार्चमधली सकाळ. मेडिकल वॉर्डातून फोन आला, "ताई, बारा नंबरच्या पाठीवर पाण्याचे फोड दिसतायत." जाऊन पाहिलं तर काही नुसते लाल ठिपके, काहींत पाणी, काही वाळायला लागलेले. कांजिण्याच. आणि फोड उठायच्या आधी दोन दिवस हा गडी सगळ्या वॉर्डाला त्या वाटत होता.

संसर्ग नियंत्रण माझ्याकडे, म्हणून यादी काढली. त्याच्याजवळ गेलेले अकरा जण. दोघींकडे लसीच्या दोन डोसांची नोंद होती, त्यांना सोडलं. (लसीची प्रतिकारशक्ती नेहमीच्या तपासणीत बरेचदा दिसतच नाही, उगाच घोळ होतो.) बाकी नऊ जणांना विचारलं, लहानपणी आल्या होत्या का?

सफाईच्या मावशी म्हणाल्या, "कधीच नाही." पाचवा महिना लागलेली सिस्टर गप्प. मग म्हणाली, "आई नाही हो आता, कुणाला विचारू?" आमच्या निवासी डॉक्टरने मात्र थेट आईला फोन लावला, स्पीकरवर. "आल्या होत्या की! पहिलीत होतास. कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला." एवढी पक्की साक्ष! आल्या होत्या म्हणणाऱ्याचं सहसा खरं निघतं, नाही म्हणणाऱ्याचं पुष्कळदा चुकतं.

ऑफिसातून निरोप आला, तपासण्यांचा खर्च कशाला, सरसकट लस टोचा. ती जिवंत विषाणूची लस, गरोदर बाईला देता येत नाही, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. नऊ जणांचं रक्त आयजीजीसाठी, म्हणजे कांजिण्यांविरुद्धची प्रतिपिंडं अंगात आहेत का ते बघायला, पाठवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आले. सिस्टर पॉझिटिव्ह, म्हणजे सुरक्षित. कागद हातात धरून ती जिन्यातच बसली. मावशीही पॉझिटिव्ह. नऊ जणांत निगेटिव्ह एकच, डॉक्टर. पुन्हा रक्त पाठवलं, पुन्हा तेच. पहिलीत अंगावर काय उठलं होतं, देव जाणे.

लस संपर्कापासून पाच दिवसांच्या आत द्यायची असते, त्याला चौथ्या दिवशी दिली. वर आठव्या दिवसापासून एकविसाव्यापर्यंत घरी बसायचं. "मी काय पेशंट आहे?" म्हणून दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

पंधराव्या दिवशी पोटाचा फोटो आला. मोजून सात फोड, ताप नाही. लगेच त्याच्या आईचा फोन, "ताई, आंघोळीच्या पाण्यात कडुलिंब घालू का?"

"घाला," म्हटलं, "पण खपल्या धरेपर्यंत त्याला घराबाहेर सोडू नका."